आण्णांचा डावा टायर

सुकुमारआण्णा मगदूम रोज दिवस मावळायच्या आत आपल्या छोट्या ट्रॅक्टरपाशी जायचे, मागच्या डाव्या टायरवर बोटांनी टकटक करायचे आणि हळूच विचारायचे, "आज?" मग टायरला कान लावून, डोळे मिटून बसायचे. टायर काय म्हणायचा ते आपल्याला ऐकू यायचं नाही. त्यांना यायचं. "न्हाई म्हणतीया," असं स्वतःशीच पुटपुटत ते गुडघ्यावर हात देऊन उठायचे, टोपी सारखी करायचे आणि जेवायला घरात जायचे. उजव्या टायरला कुणी काही विचारायचं नाही.

हा प्रकार मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा आम्ही सांगलीजवळच्या या गावात, नव्या घरात नुकतेच राहायला आलो होतो. मी परसात वाळलेले कपडे काढत होतो, आणि कुंपणापलीकडच्या शेडमध्ये हा म्हातारा टायरशी बोलत होता. बरं, बोलला तर बोलला. माणसं बैलाशी बोलतात, मोटारीला शिव्या देतात. पण हा विचारून थांबला होता. उत्तर येणार याची खात्री असलेला माणूस जसा थांबतो तसा. मी कपडे तसेच दोरीवर टाकून घरात आलो आणि बायकोला म्हणालो, उद्यापासून धुणं पुढच्या अंगणात वाळत घालत जा.

मी मूळचा माण तालुक्यातला, दहिवडीकडचा. कुपवाडला रबराचे वायसर बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात स्टोअर सांभाळतो. माझं काम म्हणजे आलेला माल मोजायचा आणि गेलेल्या मालाबद्दल ओरडा खायचा. पण गावात 'रबरात कामाला हाय' एवढं कळलं आणि आण्णांनी मला ताबडतोब आपल्या जातीचा माणूस मानलं. दुसऱ्याच दिवशी कुंपणावरून हाक आली.

"काय माणदेशी? रबरात असता म्हणं?"

"असतो. पण टायरातलं मला काही कळत नाही."

"नगं कळू दे. रबराला समदं कळतंय," आण्णा म्हणाले.

हे त्यांचं लाडकं वाक्य. रबराला समदं कळतंय. त्यावर वाद घालायची सोय नाही.

आमच्या भागात द्राक्षबागा दाट. दोन ओळींच्या मधून मोठा ट्रॅक्टर जात नाही, म्हणून घरोघर छोटे ट्रॅक्टर. आणि छोट्या ट्रॅक्टरला टायर कोणता घालावा हा इथं लग्नाच्या स्थळापेक्षा नाजूक विषय. रुंद घातला तर मुळं दाबली जातात, अरुंद घातला तर काळ्या मातीत रुततो. खोल नक्षीचा चिखलात धरतो, पण डांबरी रस्त्यावर झिजून जातो. उथळ नक्षीचा रस्त्यावर राजा आणि बागेत पाहुणा. दुकानदार एक सांगतो, मेव्हणा दुसरं सांगतो, मग माणूस वैतागून आण्णांकडे येतो.

आण्णांची टायर निवडायची पद्धत जगात कुठं नसेल. ते आधी मालकाला पाण्याने भरलेली कळशी खांद्यावर देतात आणि त्याच्याच बागेत, पाणी सोडलेल्या ओळीतून अनवाणी चालवतात. स्वतः मागून वाकून टाचेचे ठसे बघत येतात. ठसा किती खोल, कडेला माती फुटली का, बोटं पसरली का. मग उठून निकाल देतात. "ह्येला खोल नक्षीचा, अरुंद." किंवा, "ह्येला नको, ह्येच्या बायकोला चालवा. ट्रॅक्टर तीच चालवतीया न्हवं?" एकदा आमच्या गावच्या अवाढव्य सरपंचांना असं चालवलं तेव्हा ते दुसऱ्याच पावलाला पोटरीपर्यंत रुतले. कळशी आण्णांनी वाचवली. सरपंचांना दोघांनी बाहेर काढलं.

निकाल नेहमी बरोबर निघायचा असं अजिबात नाही. एकाला त्यांनी उथळ नक्षीचे टायर घालायला लावले आणि पहिल्याच पावसात तो ट्रॅक्टर शेजाऱ्याच्या मोठ्या ट्रॅक्टरने ओढून काढावा लागला. तो भांडायला आला, तर आण्णा शांतपणे म्हणाले, "टायर बराबर हाय गड्या. जमीन लाजरी हाय तुजी." लाजऱ्या जमिनीवर काय उपाय, ते त्यांनी सांगितलं नाही.

आता अशा माणसाच्या स्वतःच्या ट्रॅक्टरचे टायर कसे असावेत? उजवा टायर चांगला, अलीकडेच बदललेला, नक्षी ठसठशीत. डावा मात्र ट्रॅक्टर आला तेव्हापासूनचा. त्याची नक्षी इतकी गेली होती की हात फिरवला तर दगडाची पाटी लागावी. साहजिकच ट्रॅक्टर तिरका चालायचा. सरळ ओळीत घातला तरी चिखलात डावं चाक फिरत राहायचं आणि उजवं पुढं रेटायचं. आण्णांची सून पद्मा फवारणीला ट्रॅक्टर चालवायची तेव्हा स्टिअरिंग सतत उजवीकडे ओढून धरायची. तिचा उजवा दंड डाव्यापेक्षा भरलेला आहे असं ती हसून सांगायची, आणि लगेच हसू आवरून म्हणायची, "मामांजींना कोन सांगणार, भाऊ?"

गावाने यावर आपलं उत्तर शोधलं होतं. आण्णांच्या टायरात बाई हाय. पारावर हे अगदी निवांतपणे सांगितलं जायचं, जसं कुणाच्या घरात नळ आहे असं सांगावं. पोरं त्या शेडवरून जाताना उजव्या बाजूने जायची. शेतमजूर बायका डाव्या टायरला टेकून डबा खायच्या नाहीत. कोण बाई, कशी आत गेली, हे कुणी विचारत नव्हतं.

मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवत नाही. छोट्या ट्रॅक्टरच्या मागच्या टायरात पाणी भरतात, वजन वाढावं आणि चाक घसरू नये म्हणून. इथे सगळेच भरतात. पाणी असलं की हलणार, हललं की आवाज येणार. आमच्या माणदेशात पाणी टँकरमध्ये असतं, यांच्याकडे टायरमध्ये, एवढाच मला त्यात नवल करण्यासारखा मुद्दा दिसला. तरीही एक प्रसंग सांगायला हवा.

एका संध्याकाळी मी आण्णांचा पाना परत द्यायला त्यांच्या शेडमध्ये गेलो. घरात कुणी नव्हतं. आभाळ भरलेलं, वारा अगदी पडलेला, द्राक्षाचं एक पान हलत नव्हतं. ट्रॅक्टर सकाळपासून जागचा हलला नव्हता. डाव्या टायरसमोर घरची मांजर बसली होती, पाय पोटाखाली घेऊन, टायरकडे टक लावून. मी पाना खिळ्याला अडकवला आणि वळलो. तेवढ्यात टायरमधून आवाज आला. गटक. कुणी बोलायच्या आधी आवंढा गिळतं ना, तसा. मांजरीने कान टवकारले. मी स्वतःला म्हणालो, दिवसभर तापलेलं रबर आता निवतंय, आतलं पाणी सरकलं असेल. आणि मी हे स्वतःला सांगत असतानाच पुन्हा आवाज आला. या वेळी लांबट, जणू एवढ्या बोलण्याचा कंटाळा आला असावा. मी धावलो नाही. पण चपला शेडमध्येच राहिल्या, त्या दुसऱ्या दिवशी पद्माने आणून दिल्या.

"तुमाला बी बोलली व्हय?" तिने विचारलं. मी म्हणालो, कोण? ती म्हणाली, "काय न्हाई." आणि गेली.

पावसाळा सरत आला तसा पद्माने हट्ट धरला. ऑक्टोबरची छाटणी झाली की नव्या फुटीवर पावसाचं पाणी पडायचा अवकाश, करपा आणि डावणी हे रोग हजर. मग चिखल असो की काही असो, त्याच दिवशी औषध मारावंच लागतं. "ह्या साली डावा टायर बदलल्याबिगर मी शिटावर बसनार न्हाई," तिने सांगितलं. आण्णांचा मुलगा महावीर कुपवाडला पाळीवर जायचा, त्याच्याने रोज होणार नव्हतं. पद्मा बसली नसती तर आण्णाच गुडघे धरत चढले असते. म्हणून तिने मला गळ घातली, आण्णांना घेऊन टायर आणाच.

सांगली-मिरजेच्या दुकानांत जाऊन उपयोग नव्हता. तिथले दुकानदार आण्णांना ओळखत होते. हा माणूस वर्षानुवर्षं येतो, डाव्या बाजूसाठी टायर बघतो, सगळी दुकानं पालथी घालतो आणि रिकाम्या हाताने जातो. एका दुकानदाराने तर त्यांना बघून आत फोन आल्याचं नाटक केलं, आणि फोन टेबलावर बाहेरच पडला होता. तेव्हा आम्ही महावीरचा छोटा टेम्पो घेऊन थेट साताऱ्याला गेलो. तिथे औद्योगिक वसाहतीजवळ एका निवृत्त सुभेदारांचं टायरचं दुकान आहे असं मला कारखान्यात कळलं होतं.

सुभेदार ताठ, मिशा पांढऱ्या, बोलणं निम्मं हिंदीत. लांबलचक पत्र्याच्या शेडमध्ये टायर पंगतीने उभे होते. उजेड फक्त दारातून. आण्णा आत शिरले आणि एकेका टायरवर टकटक करत, थांबत, कान देत अंधाराकडे जाऊ लागले.

"काय करतायत?" सुभेदारांनी मला विचारलं.

"निवडतायत," मी म्हणालो.

आतून आण्णांचा आवाज आला, "समदी रिकामी हायत."

"काका, नया टायर खालीच असतो!" सुभेदार ओरडले. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "मी सरहद्दीवर राहिलोय, असा माणूस पाहिला नाही."

शेवटी आण्णांनी एका टायरवर हात ठेवला. अरुंद, खोल नक्षीचा, बागेसाठी चोख. सुभेदारांनी जोरात मान डोलावली. तेव्हा आण्णांनी त्यांच्या जवळ जाऊन विचारलं, "ह्येच्या पोटात जागा किती हाय? एक जीव ऱ्हाईल का?"

सुभेदारांनी मला खुणेने बाजूला घेतलं आणि विचारलं, पोलिसांत काही प्रकरण आहे का? मी नाही म्हणालो. त्यांनी टायर स्वतः उचलून टेम्पोत टाकला आणि आमचा टेम्पो वळणाआड जाईपर्यंत दारात उभे राहिले.

मला वाटलं, झालं काम. पण परत येताना कराडच्या अलीकडे ऊन उतरू लागलं आणि आण्णा अस्वस्थ झाले. मला वाटलं जेवणामुळे. आण्णा जैन, दिवस मावळल्यावर अन्न घेत नाहीत. मी टेम्पो उसाच्या एका फडाशेजारी लावला. भाकरीची पुरचुंडी त्यांनी सोडली, पण घास घेतला नाही. खिशातून मोबाइल काढला आणि पद्माला लावला.

"पद्मा, शेडमधी हाईस न्हवं? लाव फोन टायराला."

पलीकडून पावलांचा आवाज आला, शेडचं दार कुरकुरलं, मग टकटक ऐकू आली. ती तिने केली होती. म्हणजे हे याआधीही झालं होतं. आण्णांनी फोन दोन्ही हातांनी धरला.

"आज?" त्यांनी विचारलं.

फडातून वारा निघाला आणि थांबला. आणि मग त्या मोबाइलमधून, माझ्यापासून हातभर अंतरावर, तोच आवाज आला. गटक. ट्रॅक्टर शंभरेक किलोमीटर लांब होता, तापलेलं रबर वगैरे सगळं ठीक, पण विचारल्याबरोबर?

"न्हाई म्हणतीया," आण्णा म्हणाले. फोन बंद करून त्यांनी भाकरी मोडली. मग माझं तोंड बघून त्यांनीच सांगायला सुरुवात केली.

ट्रॅक्टर घरी आला त्या वर्षी बागेत सारखा घसरायचा. कुपवाडहून फिटर बोलावला, तो म्हणाला मागच्या टायरात पाणी भरा. त्याने विहिरीची मोटार लावून उजवा टायर नळीने भरून टाकला. तेवढ्यात आण्णांची बायको, सुलोचनाकाकू, बाहेर आल्या. त्या सीमेपलीकडच्या, कागवाडकडच्या. "अय्यो! न गाळता भरलं?" असं म्हणून त्यांनी नळीच हिसकावली. त्यांच्याकडे पाणी गाळल्याशिवाय कशालाच वापरत नाहीत. पाण्यात जीव असतात.

"फिटर हसला," आण्णा म्हणाले. "मावशी, टायर काय पानी पिनार हाय व्हय, म्हनला. तर ही म्हनली, टायर न्हाई पीत. पर त्यातल्या जीवांनी अंधारात कोंडून मरायचं व्हय?"

मग काकूंनी डाव्या टायराचं पाणी स्वतः भरलं. विहिरीतून कळशी काढायची, दुपदरी फडक्यातून पिंपात गाळायची, पिंपातून नळीने टायरात. आणि प्रत्येक वेळी फडक्यात राहिलेलं, जे त्यांच्यात जिवाणी म्हणतात ते, विहिरीतच परत सोडायचं, कारण त्या जिवांचं घर ते. फिटर कंटाळून निघून गेला. काकूंची पाठ भरून आली तरी थांबल्या नाहीत.

"आनी भरून झाल्यावर मला म्हनली, आवं, ह्ये पानी हिरीचं उसनं घेतलंया. टायर बदलशीला तवा हिरीला परत द्या. रस्त्यावर वतू नगा." आण्णांनी भाकरीचा तुकडा हातातच धरला होता. "त्या साली द्राक्षं उतरायच्या आधी गेली ती. दुखनं आलं आनी गेली. आता तुमीच सांगा माणदेशी. टायर बदलला की पानी द्यावं लागतंय. दिलं की संपलं. मग तिच्या हातचं माज्याकडं काय ऱ्हातंय?"

"फोटो असेल," मी म्हणालो, आणि लगेच वाटलं बोलायला नको होतं.

"फोटू हाय. फोटू बोलत न्हाई. म्हनून मी रोज तिला इचारतो, आज देऊ का. ती न्हाई म्हनतीया. मी काय करू?"

मला त्या वेळी आण्णांचा अतिशय राग आला आणि तितकंच त्यांना जवळ घ्यावंसं वाटलं. दोन्ही करता येण्यासारखं नव्हतं, म्हणून मी टेम्पो चालू केला.

नवा टायर शेडमध्ये आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. आण्णांनी त्यावर पोतं पांघरलं. छाटणी झाली. रोज संध्याकाळी "आज?" आणि रोज "न्हाई म्हणतीया." पद्मा मुकाट्याने तो तिरका ट्रॅक्टर चालवत राहिली. तिने शिटावर बसणार नाही म्हटलं होतं, पण फूट कोवळी होती आणि सासऱ्याला वर चढू द्यायची तिची तयारी नव्हती.

मग पाऊस आला. अवेळी, दणकून. दुसऱ्या दिवशी सकाळी पद्माने औषधाची टाकी भरली आणि बागेत गेली. त्यांच्या बागेच्या टोकाला शेततळं आहे, आत प्लास्टिकचा कागद अंथरलेला. त्यात पडलेल्या माणसाला कागदावरून पाय घसरत असल्यामुळे वर येता येत नाही, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. ओळीच्या शेवटी वळताना डावं चाक जागेवर फिरलं आणि ट्रॅक्टर तळ्याकडे सरकला. ओळीच्या टोकाचा, मांडवाचा लोखंडी अँगल मडगार्डमध्ये अडकला म्हणून थांबला. मी ओरडा ऐकून पळत गेलो तेव्हा पद्मा चिखलात बसलेली, पण धड होती. आण्णा तळ्याच्या काठाशी उभे होते. त्यांचं लक्ष तिच्याकडे नव्हतं. तळ्यात मधोमध पद्माच्या पायातून उडालेली एक चप्पल तरंगत होती आणि वारा नसताना हळूहळू गोल फिरत होती.

आण्णा ती चप्पल बघत राहिले, ती काठाला लागेपर्यंत.

ट्रॅक्टर ओढून शेडमध्ये आणला. संध्याकाळी महावीर, पद्मा, मी, सगळेच तिथे होतो, कुणी कुणाला न सांगता. आण्णा टायरजवळ बसले. टकटक केली. "आज?" म्हणताना आवाज फुटला नाही, नुसते ओठ हलले. कान लावला. बराच वेळ गेला. मांजर येऊन बसली. आण्णांनी कान काढला, दुसरा लावला, मग माझ्याकडे वळले.

"मला काय ऐकू येईना," ते म्हणाले. इतका घाबरलेला आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "माणदेशी, तुमी ऐका."

मी चिखलात गुडघे टेकले. पद्मा माझ्याकडे बघत होती, महावीर जमिनीकडे. रबर गार होतं आणि त्याला मातीचा वास होता. मी कान लावला. आत काहीच नव्हतं. माझ्याच रक्ताचा आवाज तेवढा. मग अगदी खोलवर काहीतरी हललं आणि थांबलं, कुणी श्वास रोखून आपल्यावरच सोपवल्यासारखं.

मी उठलो. "व्हय म्हणाल्या काकू."

आण्णांनी माझा हात धरला. "आदी 'आवं' म्हनली का?"

"म्हणाल्या."

"मग तीच," आण्णा म्हणाले आणि डोळे पुसले. खरं काय ऐकलं म्हणून मला पुढे पद्मानेही कधी विचारलं नाही. ऐकलेलं मी शब्दांत सांगू शकणार नाही, पण खोटं बोलल्यासारखं मला त्या क्षणी वाटलं नाही, आजही वाटत नाही.

सकाळी महावीरने चाक उचललं, वॉल्व्हचं तोंड खाली घेतलं आणि पाणी बादलीत उतरवलं. मला वाटलं होतं काळंमिट्ट निघेल. चांगलं नितळ होतं, जरासा रबराचा वास सोडला तर. आण्णांनी घरातून तेच जुनं दुपदरी फडकं आणलं. दोन टोकं त्यांनी धरली, दोन पद्माने. पाणी पुन्हा गाळलं. मग बादली दोराने विहिरीत सोडली, ती पाण्याला टेकेपर्यंत, आणि टेकल्यावर हलकेच कलती केली. वरून ओतायचं नाही, आतल्या जिवांना मार लागतो. त्यामुळे आवाज काहीच झाला नाही. एकेक बादली अशी गेली. शेवटची गेल्यावर आण्णांनी कठड्यावर वाकून खाली बघितलं. आणि तेवढ्या शांततेत खालून, विहिरीच्या तळातून, आवाज आला. गटक.

महावीर दोन पावलं मागे सरकला. आण्णा मात्र हसले. "पोचली," ते म्हणाले.

नवा टायर चढवला. त्यात पाणी भरायला पद्माने मोटार लावली नाही. कळशीने पाणी काढलं, फडक्यातून गाळलं आणि फडक्यातली जिवाणी विहिरीतच परत सोडली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. आण्णा बघत उभे होते. थोड्या वेळाने म्हणाले, "उजव्यातलं बी काढा, टायर बदलला तवाबी न गाळताच भरलंया. बिचाऱ्याला उगंच मुकं ठेवलं इतकी वर्सं." तेव्हा ते सगळं पुन्हा केलं. माझी पाठ त्या दिवशी मोडली. ट्रॅक्टर आता सरळ चालतो. पद्मा सांगते की तिचे दोन्ही दंड हळूहळू सारखे होतायत.

त्या संध्याकाळी मी कुंपणाशी उभा होतो. आण्णा सवयीने शेडकडे निघाले, अर्ध्या वाटेत थांबले. त्या थांबण्यात इतकं रिकामपण होतं की मला घरात जावंसं वाटेना. मग ते वळले, विहिरीवर गेले, एक कळशी काढली, गाळली, आणि काठावर बसून पेलाभर पाणी प्याले. सावकाश, घोट घोट. मला बघून त्यांनी हाक मारली.

"या माणदेशी. पानी प्या."

त्या विहिरीचं पाणी हल्ली बागेला जातं. घरातले सगळे जारचं पाणी पितात. आणि त्यात टायरचं पाणी काय होतं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मी पेला हातात घेतला. रबराचा वास येत होता की मला उगाच वाटत होतं, कोण जाणे.

"कसं लागतंय?" त्यांनी विचारलं.

"गोड आहे."

"हाय न्हवं?" ते म्हणाले, आणि पाण्याकडे बघत बसले.

आमच्या माणदेशात पेल्यात पाणी ठेवून कुणी उठत नाही. मी शेवटच्या थेंबापर्यंत प्यालो. आण्णांनी रिकामा पेला माझ्या हातातून घेतला, फडक्याने पुसला, कळशीवर पालथा घातला आणि अंधारू लागलेल्या विहिरीकडे तोंड करून मला म्हणाले, "उद्या बी या."